पाठमोरा

मुलांनो, अशी कल्पना करा, की एक म्हातारा अंगणात काठी उगारून उभा आहे. काठीचे टोक एका ओल्या चित्रापासून वीतभर दूर आहे, आणि म्हाताऱ्याच्या नि चित्राच्या मध्ये तुम्ही आहात. आठ वर्षांची नाआला तशीच मध्ये उभी होती.

“सांग तुझ्या आईला,” तामशुग आजोबा गरजले, “हे चित्र घराबाहेर जाणार नाही.”

आई, खिब्ला, चार पावलांवर होती. तिला सगळे ऐकू आले होते. पण त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे सून सासऱ्याशी बोलत नाही, त्याच्याकडे तोंड करून उभीही राहत नाही. लग्नाला नऊ वर्षे झाली तरी अजून नाही. बोलायला लागल्यापासून दोघांचे निरोप नाआलाच पोचवत आली होती.

सुखूम शहरातल्या प्रदर्शनाने आईकडून पहिल्यांदाच चित्र मागवले होते. ते न्यायला ट्रक उद्या दुपारी येणार होता. तीन आठवडे आजोबा अक्रोडाखाली डोंगराकडे बघत बसले आणि आई त्यांच्या मागे उभी राहून रंगवत होती. आज त्यांनी उठून चित्र पाहिले. डोक्याला गुंडाळलेले लोकरी टोपडे, बाश्लिक, रुंद खांदे, काठीवरची बोटे, उजवा कान. चेहरा नाही.

“लग्नाआधी पाच वर्षं सुखूमला राहून पाठ काढायला शिकली? आमचा रेडा उभा केला असता, तर त्यानंही दिली असती एवढी पाठ!”

नाआलाला हसू आले. आजोबांचे डोळे पाहून तिने ते गिळले.

“आई, आजोबा म्हणतात—”

“ऐकलं मी.” आईने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. “सांग, चित्र चांगलं झालंय. कान बघा म्हणावं.”

“कान!” आजोबा थुंकले. “लोक विचारतील, म्हाताऱ्यानं असं काय केलं, की सुनेनं त्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही? नऊ वर्षं माझ्या घरात खातेय. माझं तोंड तिला माहीत नाही?”

आईने कुंचला फडक्याला पुसला.

“सांग, नाही माहीत.”

“असं सांगू?”

“असंच. त्यांचे जोडे मला विचार, हातावरचा व्रण विचार; ते माहीत आहेत. मान वर करायची मुभा कुणी दिली मला?”

नाआलाने शब्दन् शब्द सांगितला. आजोबांची काठी खाली आली.

“मग आता रीत मोडू? माझ्या आईनं मोडली नाही, हिच्यासाठी मोडू?” ते दोघींकडे पाठ करून धपकन बाकावर बसले. “उद्या ट्रक रिकामा जाईल. तिनं ते चुलीत घालावं, नाहीतर मी घालीन.”

“सांग त्यांना,” आई म्हणाली, आणि या वेळी तिने आवाज दाबला नाही, “चित्राला हात लावून बघा म्हणावं.”

आजोबांची पाठ ताठ झाली.

“काय म्हणाली ती?” त्यांनी विचारले.

त्यांना ऐकू आले होते. नाआलाने पहिल्यांदाच निरोप पोचवला नाही. ती घरात गेली आणि स्टुलावर चढून खिळ्यावरचा आरसा काढून घेऊन आली. आरसा जड होता. आजोबांच्या समोर उभी राहून तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि मागे उभ्या आईची नजर आरशातल्या त्यांच्या चेहऱ्यावर पडेपर्यंत हळूहळू तिरका करत राहिली.