घरातलं एकुलतं एक मत

आमच्या घरात माणसं तीन आणि मत एक. तेही अठरा वर्षांच्या मुलीचं, अनन्याचं, कारण ती इथे अमेरिकेत जन्मली. मी आणि बायको पद्मिनी सोळा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहोत. बॉथेलमध्ये घर घेतलं, टॅक्स भरतो, गवत कापतो, शेजाऱ्यांना बघून हसतो. मत तेवढं देता येत नाही.

यंदा अध्यक्षपदाला तिसराही उभा राहिला. पक्ष नाही, पैसा मात्र उदंड आणि सगळा स्वतःचा. मी त्याला शेठ म्हणायचो. निवडून आलो तर ही रांग वर्षभरात संपवेन, असं शेठने जाहीर केलं होतं. दोन्ही पक्षांची आश्वासनं ऐकून माझे कान किटले होते, पण शेठवर विश्वास बसला. बसला म्हणजे काय, बसवून घेतला.

कारण वर्ध्याला आई आहे, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिला भेटून सहा वर्षं झाली. जायला कुणी अडवत नाही, पण परत यायला व्हिसाचा शिक्का लागतो, आणि त्यासाठी गेलेले ऑफिसातले दोघं महिनोन्‌महिने तिकडेच अडकले. एकाची नोकरी गेली. मला फक्त आईशेजारी बसून तिच्या पायांना तेल चोळायचं होतं. व्हिडिओवर तिचे पायसुद्धा दिसत नाहीत.

अनन्याचं म्हणणं वेगळं होतं. शेठ जिंकणार नाहीच, नुसती मतं खाणार, आणि आपल्या राज्यात चुरस असल्यामुळे नको तोच निवडून येणार. रांगेत मी उभा आहे, तू नाहीस, असं मी तिला म्हणालो. हे बोलायला नको होतं. दोन दिवस अबोला झाला.

मतपत्रिका इथे टपालाने घरी येते. नावापुढचा गोल रंगवायचा, पाकिटावर सही करायची आणि पेटीत टाकायचं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अनन्याची मतपत्रिका टेबलावर कोरीच पडली होती. आम्ही दरवर्षी पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि तिच्या वह्या मांडतो. मी ती मतपत्रिकाही मांडली. हळद वाहिली, फूल वाहिलं. ओल्या कुंकवाचं बोट लॅपटॉपवर टेकवलं, मग किल्लीवर, मग कागदावर. कागदावर कुठे टेकायचं ते त्या बोटाला बरोबर ठाऊक होतं. शेठच्या नावापुढचा गोल लालभडक झाला.

अनन्याने ते पाहिलं. दुसऱ्याच्या मतपत्रिकेवर खूण करायची, तीही नागरिक नसताना. रांगेतून कायमचं बाहेर फेकायला एवढं पुरेल, असं ती हळू आवाजात म्हणाली. पद्मिनीने तो कागद पाटावरून झटकन उचलला.

मग अनन्याने लॅपटॉपवरचं फूल बाजूला ठेवलं, निवडणूक कचेरीच्या साइटवरून नवी मतपत्रिका काढली, प्रिंट केली आणि आपल्या खोलीत जाऊन भरली. दुसऱ्या दिवशी मीच तिला मतपेटीपर्यंत घेऊन गेलो. पाकीट टाकून ती गाडीत बसली. मी गाडी सुरू केली.

"सॉरी बाबा, शेठला नाही दिलं," ती म्हणाली. "पण तीन वर्षांनी मी ट्वेंटी-वन होईन. मग मी तुम्हा दोघांसाठी फाइल करेन. यू वोन्ट नीड एनी शेठ."

एकवीस वर्षांच्या नागरिक मुलीने अर्ज केला की आईबापांना ही रांग लागत नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि त्याच वेळी मनात चौऱ्याऐंशीत तीन मिळवले.

शेठ पडला. एकही राज्य मिळालं नाही, पण त्याने मतं इतकी खाल्ली की अनन्याला नको होता तोच थोडक्यात निवडून आला. बापाचं ऐकणारी मुलं बरीच निघाली असावीत. अनन्या दिवसभर जेवली नाही, पण मला एका शब्दानेही बोलली नाही.

रविवारी आईचा फोन आला. बातम्या तिला आधीच कळल्या होत्या.

"तुझा शेठ पडला ना रे गिरीश? मग आता तू कधी?"

"अजून तीन वर्षं, आई."

 चष्मा काढून तिने पदराला पुसला, परत घातला आणि स्क्रीनच्या जवळ येऊन मला नीट पाहिलं.

"बरं," ती म्हणाली, "थांबते मी."