सुभेदारांनी रांग मोडली

“रांग सरळ! केरबा, खांदा मागं!”

निवृत्त नायब सुभेदार लालासाहेबांचा आवाज पत्र्यावर आदळला आणि रोजच्यासारखे सगळे कामगार दोन ओळींत उभे राहिले. आष्ट्याच्या बाहेर, सांगली रस्त्याला लागून हंबीररावांचं हे वर्कशॉप. इथं नांगर, ट्रॉल्या, शेतीची अवजारं बनायची. लालासाहेब इथले सुपरवायझर. गाव लोणंदजवळचं. उमेदीची सगळी वर्षं पलटणीत गेलेली. निवृत्तीनंतर घरच्या उसाच्या बांधावर नुसतं बसून राहणं जमेना, तेव्हा पत्नी विजयमालाबाईंना गावी ठेवून आष्ट्यात खोली घेऊन राहिले होते. माणसं ओळीत उभी करायची, ज्याचं काम त्याला सांगायचं आणि चुकला की झाडायचं, कारभाराची एवढी एकच तऱ्हा त्यांना ठाऊक होती.

त्या सकाळी प्रियदर्शनी ओळीत आली नाही. डिप्लोमा झालेली, पुण्याच्या एका कारखान्यात दोन वर्षं काढून नुकतीच इथं ड्रॉइंगच्या कामाला लागलेली पोर. ती टेबलाशी उभी होती.

“तुला वेगळं आवतण धाडू का?” लालासाहेब म्हणाले.

“तसं नाही, साहेब. ओळीत मला फक्त पुढच्याची मान दिसते. आपण गोल उभं राहून बघू या का? म्हणजे सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसतील.”

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. लालासाहेब हसले नाहीत. पण गप्पही करवेना, कारण ते सगळेच त्या दिवसांत पेचात होते. हळद शिजवायचं वाफेवरचं यंत्र बनवायचं काम हळद उत्पादकांच्या सोसायटीनं त्यांना दिलं होतं. आदल्या साली त्यांनी ते बनवलंही होतं. कापणाऱ्यानं कापलं, जोडणाऱ्यानं जोडलं, रंगवणाऱ्यानं रंगवलं. पुढच्याचं काय चाललंय ते मागच्याला माहीत नव्हतं. आणि दिवाळीपासून खपून केलेलं ते धूड शेतावर नेलं, तर बांधाच्या वाटेवर वळेचना. सोसायटीचे चेअरमन नाथाजी यंदा म्हणाले होते, “ह्यो शेवटचा डाव. न्हाई जमलं तर आमी भायरनं मशीन आणतो.” तसं झालं तर निम्मी माणसं घरी बसवावी लागतील, हे हंबीररावांनी स्पष्ट सांगितलं होतं.

प्रियदर्शनीनं चहाच्या वेळी समजावून सांगितलं. पुण्याच्या कारखान्यात जपानी इंजिनियर आले होते, त्यांच्याकडून ती शिकली होती. अख्खं यंत्र एकदम करायचं नाही. पंधरा दिवसांत जेवढं खरोखर चालवून दाखवता येईल तेवढाच तुकडा करायचा, तो वापरणाऱ्याला दाखवायचा, तो काय म्हणतो ते ऐकायचं आणि मग पुढचा तुकडा. रोज सकाळी गोलात उभं राहून प्रत्येकानं काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलंय एवढंच बोलायचं. कोणतं काम कोणी करायचं ते टोळीनंच ठरवायचं.

“ते लोक याला स्क्रम म्हणायचे,” ती म्हणाली.

लालासाहेबांनी कप खाली ठेवला. “स्क्रम? रग्बीतला?”

आता प्रियदर्शनी चकित झाली. लालासाहेबांनी मान वळवून आपला डावा कान दाखवला. तो खेळातल्या रेटारेटीत चेंगरून फुगलेला, वाकडा झालेला होता. “कलकत्त्याला पोस्टिंग होती. अफसर लोकांच्या टीमला माणूस कमी पडला, तवा मला धरून न्हेलं. आठ जणांनी खांद्यात खांदं आडकवायचं आन रेटायचं. त्यात पळणारा एकटा गडी कामाचा न्हाई. एकाचा खांदा ढिला पडला की सगळी तोंडावर.” त्यांनी कप पुन्हा उचलला. “पर तितं मी हुकूम देत नव्हतो. रेटत हुतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी रांग मोडली. केरबा फिटर, राजरत्न वेल्डर, लेथवर कातणारे, पत्रे कापणारे, सगळे गोलात उभे राहिले आणि लाजून एकमेकांच्या पायांकडं बघू लागले.

पहिले काही दिवस लालासाहेबांना फार जड गेले. काम कोणी कोणतं करायचं ते माणसंच ठरवत. त्यांच्या वाट्याला यायच्या त्या अडचणी. राजरत्न म्हणायचा, “रॉड संपल्यात,” की हे रॉड आणायला. केरबा म्हणायचा, “ग्राइंडर गरम हुतोय,” की हे तो डोक्यावर घेऊन मेकॅनिककडं. रविवारी गावी गेले तेव्हा त्यांनी विजयमालाबाईंपुढं मन मोकळं केलं.

“हमाल झालोय मी तितं. ज्यांना मी पळवायचो, ती आता मला पळवत्यात.”

विजयमालाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “आन काम हुतंय का?”

“काम… लय जोरात हुतंय.”

“मंग तोंड कशापायी पाडलंय?” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “मी बी ह्या घरात हमालच हाय की. घर चालतंय न्हवं?”

लालासाहेबांनी ताट पुढं ओढलं. त्या दिवशी त्यांनी भाकरी एक जास्त खाल्ली.

जानेवारी सरता सरता पहिला तुकडा तयार झाला. एक टाकी, एक बॉयलर, मधे पाइप. ना चाकं, ना रंग. असलं उघडंनागडं गिऱ्हाइकाला दाखवायचं म्हटल्यावर हंबीरराव वैतागले. “आवं सुभेदार, नवरीला हळद लागायच्या आदी वरात काढताय व्हय?” पण प्रियदर्शनीनं हट्ट धरला आणि टाकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून एका मळ्यात नेली.

तिथं हळद शिजवणाऱ्या बायकांची टोळी होती. त्यांची म्होरकी आक्काताई. ती राजरत्नची आत्या. तिचं सगळं आयुष्य उकळत्या काहिलीशेजारी, उसाच्या पाचटाच्या धुरात गेलेलं. तिनं टाकीभोवती एक चक्कर मारली, हळकुंडांची पाटी उचलली आणि टाकीच्या तोंडापर्यंत नेऊन थांबली. पाटी छातीच्या वर जाईना.

“ह्ये कुणी केलंय?” तिनं विचारलं.

“मी ड्रॉइंग काढलं, आक्का,” प्रियदर्शनी म्हणाली.

“तू उंच हायस, बाय. आमी सगळ्या बुटक्या. दिवसभर अशी पाटी वर उचलली तर सांजच्याला हात गळ्यात बांधावं लागत्याल. आन ह्ये झाकान! ह्येला हात कुटं लावायचा? सगळं लोखंड तापतंय.”

राजरत्न हसायला लागला. प्रियदर्शनीही हसली. गेल्या वर्षीसारखं केलं असतं तर हेच शिमग्याला, सगळं रंगवून झाल्यावर कळलं असतं. आता टाकी नुसती कापायची होती. परतताना ट्रॉलीत सगळे एकदम बोलत होते. तोंड खाली करायचं, झाकणाला लाकडी मूठ लावायची, खालून शिजलेली हळद सोडायला दार करायचं. लालासाहेब ट्रॉलीच्या कडेला बसून ऐकत होते. इतकी वर्षं त्यांनी माणसांना कामाला लावलं होतं; माणसं आपणहून कामाला लागलेली ते पहिल्यांदा बघत होते.

पण अवघड जागा पुढंच होती. दुसऱ्या पंधरवड्याच्या शेवटी बॉयलर पेटवून बघताना वाफेचा वाल्व जोडातून सुटला आणि राजरत्नच्या मनगटावर वाफ आली. हात थोडक्यात वाचला. चौकशी केली तर वाल्वची बैठक कातताना केरबाच्या हातून चरा पडला होता, आणि ते त्याला आधीपासून ठाऊक होतं.

लालासाहेबांचा जुना आवाज सुटला. “रोज गोलात हुबा ऱ्हाऊन काय सांगत हुतास? काय अडचण न्हाई, काय अडचण न्हाई! तोंड शिवलं हुतं का तुजं?”

केरबा मान खाली घालून उभा राहिला. दुपारनंतर प्रियदर्शनीनं सगळ्यांना बसवलं. या पंधरवड्यात काय बरं झालं, काय चुकलं, पुढं काय बदलायचं, ते बोलायची ही वेळ. मनगटाला मलम लावलेला राजरत्न म्हणाला, “साहेब, राग मानू नका. रोज आमी गोल हुबं ऱ्हातो. पर तुमचा आवाज अजून रांगंतलाच हाय. केरबा तुमाला भ्याला, म्हणून बोलला न्हाई. मी बी भ्यालो असतो.”

लालासाहेब उठून बाहेर गेले. हौदाशी जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं. आत सगळ्यांना वाटलं, हा माणूस आता सायकल काढून जाणार. पण ते परत आले, आणि केरबाच्या पुढ्यात मांडी घालून बसले.

“नवा वाल्व कुटं मिळंल?”

“सांगलीत,” केरबा पुटपुटला.

“मी आणतो. आन आता ऐका. हितनं म्होरं चूक झाली की पयली मला सांगायची. सांगणाऱ्यावर मी ओरडलो, तर शिक्षा मला. वर्कशॉपला एक चक्कर. पळत.”

चारच दिवसांत पाळी आली. सकाळच्या गोलात कापणाऱ्या पोरानं घाबरत घाबरत सांगितलं की एक पत्रा आखूड कापला गेला. लालासाहेबांच्या तोंडून “आरं गाढवा!” बाहेर पडलं. शिक्षेची आठवण द्यायची कोणाची हिंमत होईना. मग केरबा हळूच म्हणाला, “साहेब… चक्कर.”

लालासाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, कोपरं अंगाशी घेतली आणि कवायतीच्या चालीत धावत निघाले. पन्नाशीच्या घरातला माणूस, पांढऱ्या मिशा, पायांत चपला. पत्र्याच्या मागून येईपर्यंत सगळी माणसं पोट धरून हसत होती. तेही धापा टाकत हसले. त्या दिवसापासून गोलात खरं बोललं जाऊ लागलं. अडलेलं काम सकाळी कळायचं आणि बहुतेक वेळा दुपारपर्यंत सुटायचं. आखूड पत्रासुद्धा दारासाठी कामी आला.

शेवटच्या पंधरवड्यात हंबीरराव एका बड्या कंत्राटदाराला घेऊन आले. त्याच्या बंगल्याचं गेट तातडीनं हवं होतं.

“राजरत्नला चार दीस गेटावर घ्या,” हंबीररावांनी हुकूम सोडला.

टाकीच्या आतला जोड तेव्हा राजरत्नच करत होता. त्याला काढला की सगळं थांबणार होतं. गोल पांगला होता, पण सगळ्यांचे कान तिकडंच. लालासाहेबांनी उभ्या हयातीत वरिष्ठाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांची पाठ आपोआप ताठ झाली, टाचा जुळल्या.

“न्हाई जमणार, साहेब.”

हंबीररावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय?”

“पुढं कोणतं काम आदी करायचं, ते तुमी सांगा. तो तुमचा हक्क हाय. पर ह्या पंधरा दिवसांचं काम टोळीनं अंगावर घेतलंय. त्यातनं आता माणूस काढला तर मशीन मळ्यात पोचत न्हाई. नाथाजींना जबाब तुमालाच द्यावा लागंल. सोमवारी पंधरवडा संपतोय, त्यानंतर गेट पयल्या नंबरला घेतो. माझा शब्द.”

कंत्राटदार घड्याळाकडं बघू लागला. हंबीररावांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी एकदा सुभेदारांकडं बघितलं, एकदा त्यांच्यामागं हातातली कामं थांबवून उभ्या राहिलेल्या माणसांकडं.

“सोमवारनंतर,” ते कंत्राटदाराला म्हणाले. “हितं माझं बी चालंना झालंय.” पण म्हणताना त्यांच्या मिशीखाली थोडं हसू होतं.

मार्चच्या एका सकाळी यंत्र मळ्यात पोचलं. चार टाक्या, मधे बॉयलर, ट्रॅक्टरमागं जोडलेलं. बांधाच्या वाटेवर वळणाशी आल्यावर सगळ्यांनी श्वास धरला. केरबा चाकाबरोबर वाकून चालत होता. यंत्र वळलं. आक्काताईनं पाटी उचलली, छातीच्या खालीच टाकीत ओतली आणि काही न बोलता दुसरी मागितली. वाफ सोडली. काहिलीपाशी तास-दीड तास बसणाऱ्या बायका अजून पदर खोचत होत्या, तोवर राजरत्ननं खालचं दार उघडलं. हळद वाफाळत ताडपत्रीवर ओतली गेली.

नाथाजी पुढं झाले, पण आक्काताईनं त्यांना हातानं अडवलं. तिनं ढिगाच्या मधलं हळकुंड घेतलं, त्यात काडी खुपसली. काडी आरपार गेली. मग वरचं घेतलं, खालचं घेतलं, मोडून आतला रंग उन्हात धरून पाहिला.

“एकसारखी शिजलीया,” ती म्हणाली. “आतल्या जाड गड्ड्यासकट.”

मळ्यात एकच कालवा झाला. कोणी केरबाला उचललं, कोणी टाकी वाजवली. नाथाजींनी तिथल्या तिथं आणखी तीन यंत्रांची मागणी केली, आणि हंबीररावांनी सगळ्यांदेखत सांगितलं की आता एकही माणूस कमी होणार नाही, उलट दोन नवे लागतील. प्रियदर्शनी डोळे पुसत होती आणि वाफेला दोष देत होती. लालासाहेब गर्दीतून बाजूला झाले. राजरत्न त्यांना ओढायला आला, “साहेब, म्होरं चला, नाथाजी बोलावत्यात,” तर ते म्हणाले, “तुमी जावा. मशीन तुमी केलंय.”

बायकांचं काम उक्तं होतं. एवढी हळद शिजवून पसरली की त्या मोकळ्या. एरवी त्यांना काळोख पडायचा. त्या दिवशी शेवटची टाकी रिकामी झाली तेव्हा ऊन अजून उसाच्या शेंड्यांवर होतं. बायका हात धुऊन उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडं बघू लागल्या.

“आता गं?” एकीनं विचारलं.

आक्काताईनं आभाळाकडं बघितलं. “आता काय? घरला जायाचं. दिवसाउजेडी.”

त्या हसत, पिवळे हात हलवत अरुंद वाटेनं गावाकडं निघाल्या. समोरून लालासाहेब मळ्याकडं परत येत होते. बायका बाजूला व्हायला लागल्या, तसे तेच आधी वाट सोडून उसाच्या सरीत उतरले आणि शेवटची बाई पुढं जाईपर्यंत तिथंच ताठ उभे राहिले.