कोरडा मोजलेला दोर

मित्रांनो, या दोरांच्या दुकानात शिरताना ज्याची तुम्हाला ठेच लागते आणि ज्याला तुम्ही चार शिव्या हासडता, तो मी एक जुना शिशाचा गोळा आहे. नावाला गोळा, दिसायला वरवंटाच. दुकानदारीण मला दाराला लावून ठेवते, म्हणजे वाऱ्याने दार आपटत नाही. शिव्यांचं मला काही वाटत नाही. मी शिशाचा, मला गोड बोलता येत नाही आणि गोड ऐकायची सवयही नाही. पण मी चाच्यांच्या गलबतावर होतो म्हटलं की तुमचे कान लगेच टवकारतात. तर ऐका. तलवारी आहेत, तोफा आहेत, एक मुलगी आहे. शेवट चांगला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून कुरकुर नको.

माझा जन्म एका ओतकाम करणाऱ्या मामाच्या भट्टीत झाला. त्याने जुन्या नळांचं शिसं वितळवलं आणि वाळूच्या साच्यात ओतलं. पहिल्यांदा मी वाकडा निघालो, तेव्हा माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून त्याने मला पुन्हा वितळवलं. दुसऱ्यांदा सरळ आलो. वर दोर ओवायला भोक, खाली अंगठा मावेल एवढी पोकळी. पोकळीत चरबी भरायची आणि मला पाण्यात सोडायचं. मी तळाला टेकलो की खालची वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा, जे असेल ते चरबीला चिकटून वर येतं. पाणी किती खोल ते दोर सांगतो आणि खाली काय आहे ते चरबी सांगते. गलबत या दोघांवर चालतं, कप्तान नुसताच ओरडतो, असं मामा म्हणायचा.

मामाचा भाचा एका व्यापारी जहाजावर खोली मोजायला लागला, तेव्हा मामाने मला त्याच्या हवाली केलं. सोबत एक नियमही दिला. तागाचा नवा दोर पाणी प्यायला की आखडतो. म्हणून तो आधी तीन दिवस समुद्राच्या पाण्यात मुरवायचा, ओलाच ताणायचा आणि ओलाच मोजायचा. दोन्ही हात पसरले की होते ती एक वाव. डेकच्या फळीत एका वावेच्या अंतरावर दोन पितळी खिळे ठोकलेले असतात. त्यांना दोर लावून दर वावेला एक चिंधी बांधायची. दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजून बघायचं. भाच्याने हा नियम कधी चुकवला नाही. आजारी असतानाही तो खिळ्यांपाशी रांगत गेलेला मी पाहिला आहे. म्हणूनच मला त्याचा एवढा राग येतो.

चाच्यांनी आमचं जहाज धरलं, त्या दिवशी सगळे हात वर करून उभे होते. भाचा मात्र पुढच्या टोकाला उभा राहून मला पाण्यात सोडत होता. तेवढ्यात एक सतरा वर्षांची मुलगी दोराला लटकून आमच्या डेकवर उतरली आणि तिने मागून त्याच्या मानेला सुरी लावली. याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"अहो, आधी सुकाणू उजवीकडे घ्यायला सांगा," तो म्हणाला. "मग मान कापा. पुढे खडक आहे."

तिने पुढे पाहिलं आणि अशी काही आरोळी ठोकली की सुकाणूवाल्याने डोळे मिटून चाक फिरवलं. खडक हातभरावरून गेला. तिने सुरी कमरेला खोचली आणि हा माणूस आपल्याकडे ठेवायचा, मान सवडीने कापू, असं बापाला जाऊन सांगितलं. बाप म्हणजे चाच्यांचा कप्तान. तो पोट धरून हसला. अशा रीतीने आम्ही दोघं चाचे झालो.

ती पोरगी म्हणजे निखारा होती. एका मालकाने आपल्या खलाशांना सडकं धान्य खायला घातलं होतं, तर तिने त्याला शिडाच्या दोराला उलटं टांगून तीन तास समुद्र दाखवला. बेंबीपर्यंत दाढ्या वाढलेले गडी तिला ताई म्हणायचे आणि तिच्यासमोर नाक शिंकरायलाही घाबरायचे. भाच्याचं नाव तिथे मापाडी पडलं. सगळे ताई म्हणत, एकटा मापाडी म्हणत नसे. तो अहो म्हणायचा. गलबतावरच्या आचाऱ्याच्या हे पहिल्या आठवड्यातच ध्यानात आलं होतं. तो मिशीत हसायचा आणि मापाड्याच्या ताटात एक मासा जास्त टाकायचा.

पाच वर्षं गेली. या पाच वर्षांत ती दोघं काय बोलली, असं विचाराल तर आकडे. उथळ पाण्यात ती सुकाणूवर असायची आणि हा पुढच्या टोकाला. हा ओरडायचा, "चार वाव, वाळू!" आणि ऐकू आलं हे कळावं म्हणून ती तेच परत म्हणायची. गलबतावरची ही रीतच आहे. पण पुढे पुढे भर समुद्रात, जिथे तळ लागणं शक्यच नाही, तिथेही हा मला सोडायला लागला. हा सांगायचा, तळ नाही. ती तिकडून म्हणायची, तळ नाही. मी आपला उगाच भिजत असायचो. माझ्या डोक्याला ताप, पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

एकदा दोराने त्याचे तळवे सोलून निघाले. ती आली, माझ्या पोकळीतली चरबी बोटाने काढली आणि त्याच्या हातांना चोळली. हात सडले तर मोजणार कोण, एवढंच म्हणाली. मग बराच वेळ तिने ते हात सोडले नाहीत. मापाडी समुद्राकडे बघत बसला. अरे, बोल की रे बाबा, असं मला झालं होतं. पण कसलं काय, तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

मग तो दिवस आला. सरकारी गस्तीच्या तीन गलबतांनी आम्हाला कोंडीत पकडलं. ताईने हाताला लागेल ते उचललं आणि हाताला लागलो मी. दोराला धरून तिने मला असं गरगर फिरवलं की एका अधिकाऱ्याचे पुढचे चार दात माझ्यावर उमटले. अजून खुणा आहेत, या बाजूने बघा. पण त्या झटापटीत कुणाच्या तरी तलवारीने माझा दोर तुटला आणि समुद्रात गेला. आम्ही कसेबसे निसटलो. कप्तान मात्र त्यांच्या हाती लागला.

मासळी विकणाऱ्या एका मावशीने होडीतून बातमी आणली. उद्या सकाळी आठ वाजता बंदरावर कप्तानाला फाशी. बंदराच्या तोंडाशी तोफा होत्या, तिकडून जाणं म्हणजे आपल्या पायांनी सरणावर चढणं. मागून एक खाडी होती आणि तिच्या तोंडावर वाळूचा बांध. भरती पूर्ण भरली की बांधाच्या खोलगट भागावर दोन वाव पाणी चढतं, असं मावशी म्हणाली. आमच्या गलबताला दोन वावच लागत होतं. त्यात बोटभर कमी चालणार नव्हतं.

मापाड्याने कोठीतला नवा दोर काढला, समुद्राच्या पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवला आणि वर दगड ठेवला. तीन दिवस नव्हतेच हाताशी. निदान निघेपर्यंत भिजू दे, मी आलो की ओलाच मोजतो, असं तो स्वतःशीच पुटपुटला. तिला सांगायला हवं होतं. पण आपल्या कामातलं दुसऱ्याला काय सांगायचं, ही त्याची खोड. तो मावशीबरोबर खाडी बघायला गेला.

इकडे ताईला चैन पडेना. बाप फासावर जायचा होता आणि हिने हातावर हात धरून बसायचं? तिने पिंपातला दोर पाहिला. मापाड्याचे हात झटापटीत परत सोलले होते, आल्यावर त्याला पुन्हा एवढ्या गाठी मारायला लावायच्या, हे तिला बरं वाटेना. तिने दोर बाहेर काढला. ओल्या दोराला चिंधी नीट बसत नाही, म्हणून उन्हात वाळवला, खडखडीत कोरडा केला. मग डोक्याचा लाल रुमाल फाडला आणि पितळी खिळ्यांना लावून दर वावेला एकेक पट्टी बांधली. आयुष्यात प्रथमच तिने कुणासाठी हाताने काही बनवलं होतं. जीभ दाताखाली धरून ती गाठी मारत होती. मित्रांनो, मी शेजारीच पडलो होतो. मला सगळं कळत होतं आणि मला तोंड नव्हतं.

संध्याकाळी मापाडी आला. तिने दोराचं वेटोळं त्याच्या अंगावर टाकलं.

"बांधून ठेवलाय," ती म्हणाली. "एकदा मोजून घे."

त्याने लाल पट्ट्या पाहिल्या. तिच्या डोक्याला रुमाल नाही, हे पाहिलं. पाच वर्षांत जे त्याला सुचलं नव्हतं, ते तेव्हा सुचलं.

"तुम्ही बांधलाय. त्यात मोजायचं काय?"

ती लाजली. होय, ती निखारा. आचाऱ्याने तोंड फिरवलं. मापाड्याने मला त्या दोराला बांधलं आणि रात्रभर उशाशी घेऊन झोपला. खिळे चार पावलांवर होते.

उजाडताना भरती भरली आणि आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो. ती सुकाणूवर, हा पुढे. तीन वाव. तीन वाव. अडीच. दोर पाणी पिऊन आखडत होता, तिच्या गाठी एकमेकींजवळ सरकत होत्या. मला खाली तळ लवकर लागत होता आणि वर आकडा मोठा दिसत होता. बांधावर त्याने मला सोडलं. दुसरी लाल पट्टी बरोबर पाण्याला टेकली.

"दोन वाव, वाळू!" तो ओरडला.

"दोन वाव," ती म्हणाली आणि सुकाणू सरळ धरलं.

वावेमागे सहा बोटं, म्हणजे दोन वावांना एक वीत. एका वितीने आम्ही रुतलो. गलबत करकरत थांबलं आणि त्याच क्षणी ओहोटी लागली. होड्या सोडाव्यात तर तोफांशिवाय बंदरावर टिकाव लागणार नव्हता, आणि पाणी ओसरलं की मध्ये कंबरभर चिखल. बांधावरून बंदर दिसत होतं, एवढं जवळ होतं. आठला नगारा वाजला, मग थांबला. ताई सुकाणू धरून उभीच राहिली. तिने बंदरावरून नजर काढली नाही, रडलीही नाही.

चाच्यांचा एक नियम होता. ज्याच्या आकड्याने गलबत रुतेल, त्याला तिथेच उतरवायचं. दाढीवाले गोळा झाले. आता कप्तान तीच होती. तिने मापाड्याला समोर बोलावलं आणि दोर मोजून घेतला होतास का, असं सगळ्यांदेखत विचारलं.

त्याला सांगता आलं असतं की दोर मी भिजत ठेवला होता, तो वाळवला कुणी ते विचारा. एवढ्या एका वाक्याने तो वाचला असता. पण त्याच वाक्याने, बापाला आपण मारलं, हे तिला कळलं असतं.

"नाही मोजला," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

तिला वाटत होतं, तो आणखी काहीतरी बोलेल. गडी वाट बघत होते, बाप तिकडे लटकत होता. तिचा स्वभाव तुम्हाला सांगितलाच आहे.

"उतर," ती म्हणाली.

त्याने मला दोरासकट तिच्या पायाशी ठेवलं. शिडीवरून खाली जाताना त्याने मान वर केली.

"अहो, दोर ओला करून मोजत जा."

एवढंच. दुपारी चाच्यांनी तोफा पाण्यात ढकलल्या, गलबत हलकं झालं आणि संध्याकाळच्या भरतीला सुटलं. तेव्हा बांधाच्या उंच भागावरही पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं होतं. ती सुकाणूवर होती, तिने मागे बघितलं नाही.

चौथ्या दिवशी तिने मला बादलीत टाकलं, दोरासकट. का, ते तिलाही ठाऊक नसावं. त्याचं शेवटचं बोलणं डोक्यात घोळत असेल. मग ओला दोर तिने पितळी खिळ्यांना लावला. पहिली लाल पट्टी खिळ्याच्या सहा बोटं अलीकडे राहिली. तिने पुन्हा लावून बघितला. मग दुसरी पट्टी लावली, मग तिसरी. मग ती त्या फळीवर डोकं टेकून जी ओरडली, तशी बापासाठीही ओरडली नव्हती. आचारी धावत आला आणि दोर बघून सुकाणूवाल्याकडे पळाला.

गलबत मागे वळवलं. बांधावर पाणी होतं, बाकी काही नव्हतं. मावशीला विचारलं, तर सरकारी होडीने कुणा एकाला उचललं असं तिने ऐकलं होतं. जिवंत की मेलेला, ते तिला माहीत नव्हतं. ताईने अकरा बंदरांतले तुरुंग पालथे घातले, दोन फोडलेसुद्धा. त्यांत तो नव्हता.

पुढे ती मोठी कप्तान झाली. तिच्या नावाने बंदरं दारं लावायची. नवा मापाडी आला, नवा गोळा आला. त्याचे दोर ती स्वतः सात सात दिवस भिजवायची. मला मात्र तिने आपल्या खोलीत खिळ्याला टांगलं होतं. वर्षातून एकदा ती त्या बांधावर जायची, होडीतून एकटी. मला सोडायची आणि मोठ्याने आकडा सांगायची. मग ऐकत राहायची. कोणी परत म्हणत नसे. शेवटी आकडा स्वतःच परत म्हणून ती मला वर ओढायची. तिचे केस पांढरे झाले तरी हे चालू होतं. एका वर्षी ती आलीच नाही. त्यानंतर गलबत मोडीत निघालं आणि मी भंगारातून या दारात आलो. दोर कुणी वेगळा केला आणि कुठे गेला, ते मला माहीत नाही.

आता या दुकानात नायलॉनचे दोर मिळतात. ते आखडत नाहीत म्हणे. चांगलंच आहे. माणसं अजून आखडतात, तेवढं बघा. आणि मित्रांनो, तुमच्या लाडक्या माणसाने काही बांधून दिलं आणि मोजून घे म्हटलं, तर लाजून हसू नका. उठा, चार पावलं चाला आणि मोजून घ्या. तुम्हीही कुणाचं काम उचललंत, तर हे असं का ठेवलंयस, एवढं आधी विचारा.

माझी एकच विनंती आहे. दुकानदारिणीची लेक रोज दुपारी मला उलटा करते आणि माझ्या पोकळीतली वाळलेली चरबी केसातल्या पिनेने खरवडते. पोरी, मला आपट, धू, हवं तर दाराखाली ठेव. पण ते तेवढं राहू दे. त्यात चार कण वाळू आहे, त्या बांधावरची. त्याच्या पायाखाली तीच होती.