बाळंतिणीचा पेला

मी एक जुना काचेचा पेला आहे. माझ्या अंगावर तळापासून दोन बोटे वर एक आडवी रेघ कोरलेली आहे. ती अगदी सरळ नाही. कोरणाऱ्याचा हात क्षणभर हलला असावा, म्हणून डावीकडे ती किंचित चढते. मला कोणत्या बाजूने डोळ्यांसमोर धरून भरता, त्यावर चार-सहा थेंबांचा फरक पडतो. रेघेपर्यंत मी भरलो की तीस मिलिलिटर होतात. खोकल्याच्या औषधाला चार-सहा थेंबांचा फरक चालतो, आणि मित्रांनो, मी त्याच कामासाठी जन्मलो होतो.

भट्टीतून निघून, गवतात गुंडाळून मी फोंडाघाटच्या बाजारातल्या एका औषधांच्या दुकानात आलो. सुभद्रेच्या आईने मला तिथून घेतले. लग्न होऊन सुभद्रा मसुऱ्याला आली, तेव्हा तिच्या पेटीत साड्यांच्या घडीत मीही होतो. घराभोवती काजूची झाडे, खालच्या अंगाला भाताचे दोन मळे. तिथे माझे काम बदलले.

आमच्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस काजूची फेणी देतात. सकाळी कडकडीत पाण्याने अंघोळ, मग एक पेला फेणी, मग निखाऱ्यांचा शेक आणि झोप. अंगातला वारा जातो आणि दूध उतरते, असे सगळे मानतात. फेणी गोव्याहून येई, बिनलेबलच्या बाटलीतून. कधी सौम्य, कधी घसा जाळणारी. माझी रेघ तिचे माप सांगत असे, तिचा जोर मात्र सांगू शकत नसे. हे मला फार उशिरा समजले.

सुभद्रेच्या दोन्ही मुलांच्या वेळी तिने माझ्यातूनच फेणी घेतली. मुले धडधाकट झाली. मग शेजारपाजारच्या बाळंतिणींसाठी मला मागून नेऊ लागले. "हातगुणाचो पेलो आसा गो, सांभाळून परत हाड," असे सुभद्रा सांगायची. माझे एवढे कौतुक होई की मला स्वतःचा अभिमान वाटे. आज तो आठवला की माझ्या काचेला तडा जावा असे वाटते.

तीन वर्षांपूर्वी सुभद्रेची सून अपेक्षा पहिल्यांदा बाळंत झाली. मुलगी होती. बारशाला तिचे नाव ईरा ठेवले. अपेक्षेचा नवरा प्रीतम रेडीच्या बंदरावर कामाला आहे. तो शनिवारी यायचा आणि रविवारभर मुलीला मांडीवरून खाली ठेवायचा नाही.

ईरा एकोणीस दिवसांची होती. त्या सकाळी गारठा होता. सुभद्रेने मायेने मला दोनदा भरले. "आज थंडी आसा, घे आणखी इल्ला," ती म्हणाली. अपेक्षेने घेतले, बाळाला पाजले, आणि त्याला कुशीत घेऊन गोधडीखाली झोपली. बारा वाजता सुभद्रा पेज घेऊन आली. अपेक्षा अजून गाढ झोपेत होती. बाळ तिच्या दंडाखाली होते आणि हलत नव्हते.

नक्की काय झाले, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. डॉक्टरांनाही सांगता आले नाही. नशीब, असे लोक म्हणाले. मला कोणी विचारले नाही. सुभद्रेने मला धुऊन फडताळात मागे ठेवले आणि मी तीन वर्षे धूळ खात राहिलो. ती धूळ मला हवीशी वाटत होती.

या वर्षी अपेक्षेला मुलगा झाला, आणि सुभद्रेने मला पुन्हा बाहेर काढले.

बाराव्या दिवशी आरोग्यसेविका शर्मिला आल्या. त्या तालुक्यात नव्या होत्या, ईराबद्दल त्यांना माहीत नव्हते. त्यांनी बाळाचे वजन केले. जेवढे वाढायला हवे होते, त्याच्या निम्मेच वाढले होते.

"बाळंतिणीला काही देता का? फेणी, ब्रँडी?" त्यांनी विचारले.

"एकच पेलो," सुभद्रा अभिमानाने म्हणाली. "पण ती दारू न्हय हा बाय, औषध. दारू ती आमचे बापये पितत!" आणि हसत चहा टाकायला आत गेली.

शर्मिलाताई हसल्या नाहीत. त्या अपेक्षेजवळ बसल्या आणि हळू आवाजात बोलल्या. मी उशाशीच होतो, मला सगळे ऐकू आले. आईच्या रक्तात जेवढी दारू असते, जवळपास तेवढीच दुधात उतरते. एका मापाची दारू जायला दोन-तीन तास लागतात, दोन मापांना त्याच्या दुप्पट. दूध पिळून फेकल्याने ती लवकर जात नाही, फक्त वेळ गेल्यावरच जाते. फेणीने दूध वाढत नाही, उलट बाळाला कमी मिळते. न घेणे सगळ्यात चांगले. कधी घेतलीच, तर तेवढा वेळ थांबायचे आणि आधी काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने द्यायचे.

"आणि एक," त्या म्हणाल्या, "घेतली असेल त्या दिवशी बाळाला कुशीत घेऊन झोपू नका. ती झोप जड असते. बाळ दबलं तरी जाग येत नाही."

अपेक्षेचा चेहरा पांढरा पडला.

"सासूबाईंशी मी बोलू का?" ताईंनी विचारले.

"नको ताई. मीच सांगतंय."

पण ती सांगू शकली नाही. मला त्याचे कारण माहीत होते. फेणी नको म्हटले की का, हे सांगावे लागणार. आणि का, हे सांगितले की तीन वर्षांपूर्वीच्या सकाळी मला दोनदा कोणी भरले, हे सुभद्रेला आठवणार. सुभद्रा वाईट बाई नाही. त्या मुलीसाठी ती महिनाभर जेवली नव्हती.

म्हणून नऊ दिवस अपेक्षा न्हाणीच्या दाराशी मला हातात घ्यायची आणि सासूची पाठ वळली की मोरीत ओतायची. प्रत्येक वेळी रिकामा होताना मला सुटल्यासारखे वाटे.

दहाव्या दिवशी सुभद्रा मला घेऊन थेट खाटेपाशी आली आणि समोर बसली. "माझ्यासमोर घे. तुझा तोंड सुकला आसा." अपेक्षेने माझ्याकडे पाहिले, मग सासूकडे. आणि घेतले. मी काचेचा, मला ओठ मिटता येत नाहीत. तेव्हा साडेदहा वाजले होते.

अकरा वाजता बाळ उठले आणि रडू लागले.

"घे गो तेका पदराखाली."

"दीड वाजेपर्यंत नाय," अपेक्षा घड्याळाकडे बघत म्हणाली. तिने पहाटे काढून ठेवलेल्या दुधाची झाकलेली वाटी घेतली आणि चमच्याने पाजू लागली. बाळ तोंड फिरवत होते, दूध गालावरून ओघळत होते.

"चमच्यान? आवशीचा दूध आसताना?" सुभद्रा कडाडली. "शिकलेल्या सुनांची एकेक थेरां! माझी दोन पोरां ह्याच पेल्यार वाढली. तुकाच काय झाला?"

मित्रांनो, माझ्यासारखे पेले अजून कितीतरी घरांत आहेत. मायेने भरलेले आहेत, म्हणूनच त्यांची भीती वाटत नाही. तुमच्या घरी बाळ येईल तेव्हा आईला पेज द्या, पाणी द्या, झोपू द्या. मला तिच्या हाती देऊ नका. आणि कोणी दिलेच, तर बाळाला दुसऱ्या कोणीतरी जवळ घ्यावे. मी एवढेच सांगू शकतो. त्या दिवशी त्या खोलीत मला एवढेही सांगता आले नाही.

अपेक्षेने चमचा खाली ठेवला. बाळाचा गाल पदराने पुसला. मग ती सुभद्रेकडे वळली.

"आये, ईरा माझ्या कुशीत गेली, तेव्हा मी फेणीच्या झोपेत होतंय. माका जाग इली नाय. तू मुद्दाम केलंस नाय, मीय केलंय नाय. पण ह्या पोराक पाजतंय तोपर्यंत मी फेणीचो एक थेंब घेवचंय नाय."