राजदूत गाऱ्हाण्याला उभे राहिले

कीर्तनाला जमतात त्याच्या दुप्पट माणसं त्या सकाळी देवळात होती. कारणही तसंच. ज्या देशाने कित्येक वर्षं जगाला दार लावून घेतलं होतं, त्याचे राजदूत गावात येणार होते. त्यांच्याकडे काजू उदंड, पण फोडायची सोय नाही. आमच्याकडे कारखाना, पण बी पुरत नाही. सोयरीक जमायला आणखी काय लागतं?

पण त्याच देशाच्या तुरुंगात आमच्या यशोदाबाईंचा मुलगा सुशांत होता. खलाशी पोर. बोट त्यांच्या हद्दीत शिरली म्हणून धरलं, ते धरलंच. खटलाही उभा राहीना. एकदाच त्याचा फोन आला होता. त्यात त्याने स्वतःचं थोडं आणि कोठडीतल्या एका मास्तरांचंच जास्त सांगितलं. ते त्याच देशाचे. सरकारविरुद्ध खरं बोलले म्हणून आत. सुशांतला ताप आला तेव्हा त्यांनीच त्याला सांभाळलं.

दिल्लीहून आलेल्या साहेबांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, तुरुंगाचा विषय काढाल तर करार मोडेल. सगळी भाषणं त्यांनी तपासली. पण आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही, आणि ते लिहून कोण आणतो? सत्यवान गावकर नारळ घेऊन उभे राहतात, त्या वेळी सुचेल ते मागतात, आणि हजर असेल त्याने हात जोडून साथ द्यायची.

कॉलेजात शिकवणारी तन्वी दुभाषी होती. साथ कशी द्यायची ते तिने पाहुण्यांना शिकवून ठेवलं. राजदूतांना ते फारच आवडलं.

"बा देवा म्हाराजा, पावण्यांचा आणि आमचा सूत जुळव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" राजदूतांचा आवाज सगळ्यांच्या वर. दिल्लीचे साहेबही मागे राहिले नाहीत.

"कारखानो बरो चलांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सत्यवानांनी क्षणभर यशोदाबाईंकडे बघितलं. "हिचो झील सुशांत तेंच्या तुरुंगात आसा, तेका सुखरूप घराक हाड. आणि खरा बोललो म्हणान आत पडलेलो तो मास्तर, तेचीय बेडी तोड रे म्हाराजा!"

राजदूतांनी डोळे मिटून होकार दिला.

प्रसाद घेताना त्यांनी अर्थ विचारला. तन्वीने काही लपवलं नाही. साहेब घामाघूम. राजदूत आधी हसले, मग हसू विरलं. यशोदाबाईंपुढे येऊन म्हणाले, खलाशासाठी शब्द टाकीन, पण मास्तरांबद्दल बोलायची मलाही मुभा नाही.

तन्वीने ते सांगितल्यावर यशोदाबाई म्हणाल्या, "तू खंय काय बोललंस, रे बाबा? तू नुसता व्हय म्हटलंस."

कराराच्या सह्या झाल्या. चार महिन्यांनी राजदूतांचा फोन आला. सुशांत विमानात बसला होता. मास्तर सुटले नव्हते, पण त्यांच्या बायकोला त्यांची भेट मिळाली होती.

यशोदाबाईंनी डोळे पुसले आणि तन्वीकरवी निरोप दिला की जत्रेला या, येताना मास्तरांना घेऊन या, जेवायला आमच्याकडेच.

पलीकडून राजदूतांनी विचारलं, जत्रा कधी असते?