पूजेच्या पाटावर उघडलं लिनक्स

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसू नका. माझ्या झाकणाची एक बिजागरी सैल झाली आहे, बॅटरी नावालाच उरली आहे, चार्जर काढला की माझा जीव जातो. पण लॅपटॉप आहे मी, असातसा नाही. माझ्या पोटात काय दडलंय हे कळलं, तेव्हापासून मला माझाच अचंबा वाटतो.

तरुणपणी मी नागपूरच्या एका ऑफिसात होतो. दिवसभर पत्रं टाइप करायचो, शाबासकी घ्यायचो. मग नवे लॅपटॉप आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे धूळ खात पडलो होतो. त्या ऑफिसातल्या अमरला माझी दया आली. त्याने मला सानगडीला आपल्या घरी, बहिणीसाठी आणलं.

त्याची बहीण डिंपल. तिने मला पुसलं, आणि एक दिवस विंडोज तसंच ठेवून माझ्यात लिनक्स घातलं, म्हणजे यंत्र चालवणारी दुसरी प्रणाली. काय सांगू तुम्हाला! वरून मी तोच विंडोजवाला म्हातारा, आणि आत अख्खी दुसरी दुनिया. टर्मिनल नावाची खिडकी उघडली की आधी विंडोजचं शेल यायचं. शेल म्हणजे आपण लिहिलेला हुकूम यंत्रापर्यंत पोचवणारा. तिथे डिंपल एक शब्द लिहायची, मग लिनक्सचं शेल हजर व्हायचं. प्रोग्राम लिहायचं सगळं शिक्षण तिने असंच घेतलं.

पुढे एका परदेशी कंपनीत तिला घरी बसून काम मिळायची संधी आली. नाही मिळालं तर नागपूरला जाऊन मिळेल ती नोकरी धरायची, असं घरात ठरलं होतं. तिची आई शकुनबाई घरी एकटी पडली असती. काम स्वतःच्या यंत्रावर करायचं होतं, म्हणून कंपनीने आधी माझी तपासणी घेतली. त्यांचा प्रोग्राम स्वतःच टर्मिनल उघडायचा, आणि उघडताक्षणी लिनक्सचं शेल दिसायला हवं होतं. दिसलं विंडोजचं. मी नापास झालो. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत एकच संधी उरली, आणि तो दिवस होता दसऱ्याचा. परदेशात कुठला आलाय दसरा?

सकाळी डिंपल आंघोळ करून आली, तोवर मी पाटावर बसलो होतो. एका बाजूला विळा, दुसऱ्या बाजूला कुदळ. शकुनबाईने माझं झाकण उघडून, बोटाने बाण फिरवायची ती गुळगुळीत चौकट माझं कपाळ समजून तिच्यावर ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला होता. मला फार बरं वाटलं. ऑफिसात माझी पूजा कुणी केली नव्हती.

"माय, मले हा आत्ताच पाहिजे," डिंपल म्हणाली.

"पूजेतलं हत्यार आज उचलत नाही, बाई."

"उचलत नाही. इथंच बसून करते."

ती चार्जर जोडून पाटासमोर मांडी घालून बसली. चौकटीवर बोट फिरवलं, तर बाण भलतीकडेच पळाला. टिळा ओला होता ना. पण दसऱ्याचा टिळा पुसायचा कसा? डिंपलचा हात थांबला, डोळे भरून आले.

"काहून थांबली?" शकुनबाईने विचारलं.

"कुंकवानं चालून नाही राहिलं. अन् बाराच्या आत कराच लागते."

शकुनबाई क्षणभर देवाकडे पाहत राहिली. मग पदराचं टोक घेऊन तिने स्वतः माझं कपाळ पुसलं. "देवाले समजते," ती म्हणाली. "कर तू."

डिंपलने टर्मिनलची सेटिंग उघडली. सुरुवातीला कुठलं शेल यावं, त्या जागी विंडोजचं काढून लिनक्सचं निवडलं. सेव्ह केलं. खिडकी बंद केली आणि तपासणी पुन्हा लावली. खिडकी आपोआप उघडली, आणि एकही शब्द न लिहिता माझ्या आतली ती दुनिया थेट दारात येऊन उभी राहिली. काळ्या पडद्यावर रेघ लुकलुकत होती. मित्रांनो, इतकी वर्षं मी स्वतःला साधा टाइप करणारा समजत होतो. तपासणीत मी पास झालो. पुढची परीक्षा डिंपलने दिली, आणि तीही पास झाली.

आता ती माझ्यावरच काम करते. म्हणून सांगतो, घरातलं जुनं यंत्र भंगारात टाकण्याआधी त्याच्याजवळ थोडं बसा. त्याला काय काय येतं, ते त्यालाही ठाऊक नसतं.

परवा शकुनबाई चहा घेऊन आली आणि तिथेच बसली. डिंपलने एकेक अक्षर दाखवलं, तिने एका बोटाने स्वतःचं नाव लिहिलं. पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं.

"काय म्हणते हा?"

"या नावाचं काही मले माहीत नाही म्हणते, माय."

"मंग माहीत करून दे ना. एका घरात राहतो आम्ही."

डिंपल हसली आणि तिने दोन ओळी लिहिल्या. शकुनबाईने पुन्हा नाव लिहिलं. काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'राम राम, शकुनबाई.'

तिने पदर सावरला, हात जोडले आणि मला राम राम केला.