फ्लॉपीतल्या दहा कविता

ते साल १९९८. पुण्यात ज्याला त्याला संगणक शिकायचा होता, आणि विश्रांतवाडीच्या नम्रता वानखडेला धाकट्या बहिणीचं काय करावं हेच कळत नव्हतं.

पूर्णिमा अकरा वर्षांची. कविता करायची. भाजी निवडताना, वेणी घालून घेताना, मोरीत आंघोळीचं पाणी गार होईपर्यंत. सापडेल त्या कागदावर लिहायची आणि विसरून जायची. ते कागद गोळा करायचे आणि तिच्याकडून एका वहीत उतरवून घ्यायचे, हे नम्रताचं काम. आईच्या, म्हणजे दुर्गाबाईंच्या मणक्याने दगा दिला तेव्हा नम्रताने पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलं होतं. सकाळी स्वयंपाक, दुपारी नारायण पेठेत दत्तप्रसादांच्या दुकानात मराठी मजकूर टाइप करणं: लग्नपत्रिका, अहवाल, दहाव्याची पत्रं.

"काहून रागावतं वं तिले? लहान हाये ते," दुर्गाबाई अंथरुणातून म्हणत. बुलढाणा सोडून पंधरा वर्षं झाली होती, पण भाषा काही सुटली नव्हती.

"लहान आहे म्हणून मोरीत बसून कविता करायच्या? बाबा पहिल्या पाळीला जातात, त्यांना आंघोळ नको?"

मुलांच्या एका मासिकाने दहा कविता मागवल्या होत्या, टाइप केलेल्या. निवडलेल्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस लेखकांबरोबर शिबिरात राहायला मिळणार होतं. कधी काही न मागणारी पूर्णिमा म्हणाली, "ताई, मला तिथे जायचंय." नम्रताने एप्रिलमध्येच दहाही कविता दुकानात टाइप करून फ्लॉपीवर घेतल्या.

मग मे महिना आला. दर मेमध्ये नम्रता जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं काढायची, दाभणाने शिवून नव्या वर्षाची कच्ची वही करायची आणि लिहिलेली पानं रद्दीत घालायची. या वर्षी कवितांच्या वहीचीही तीच गत झाली. संगणकात आहेत की, आता कागद कशाला सांभाळायचे?

पंधरा जून ही शेवटची तारीख. त्या दुपारी दोघी छापून घ्यायला दुकानात गेल्या. फ्लॉपी घातली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. मराठी अक्षर औषधालाही नाही.

"काल रात्रीच नवा संगणक बसवला ना," दत्तप्रसाद म्हणाले. "जुन्याबरोबर तो फॉन्टही गेला. आता हे असंच दिसायचं."

"आधी सांगायचंत तरी."

"दारावर पाटी लावायला हवी होती का? नवकविता म्हणून पाठवा. कळली नाही असं कोणी परीक्षक कबूल करत नाही."

पूर्णिमाने विचारलं, "माझी वही कुठाय?"

"रद्दीत गेली. मीच घातली."

पूर्णिमा रडली नाही. रडली असती तर नम्रताला बरं वाटलं असतं.

"आठव," नम्रता म्हणाली. "सहापर्यंत वेळ आहे."

"नाही आठवत. लिहिलं की जातं."

"एखादी ओळ?"

"एकीत चिमणी होती बहुतेक."

नम्रताने कपाळाला हात लावला आणि खुर्चीत बसली. सवयीने बोटं कीबोर्डवर गेली. पडद्यावर पहिलं अक्षर होतं डी. तिचं डावं मधलं बोट आपोआप हललं. त्या बोटाखाली क असायचा. पुढे जे, उजवी तर्जनी, र. अक्षरं डोळ्यांना अनोळखी होती, बोटांना नव्हती.

"कागद घे," ती म्हणाली. "मी सांगते तसं लिही. मधे बोलायचं नाही."

चारपर्यंत पाच कविता झाल्या, पाचला आठ. पूर्णिमा मधेच थांबून "ही बरी आहे, नाही?" असं परक्याच्या कवितेबद्दल बोलावं तसं बोलायची आणि नम्रताच्या जिवाचा संताप व्हायचा. नववी सुरू झाली.

ताई सारखी चिडते.
तिची कॉलेजची पिशवी
अजून खुंटीवर आहे.

नम्रता थांबली. एप्रिलमध्ये तिनेच हे टाइप केलं होतं, पण टाइप करणारी कुठे वाचत असते? डोळ्यांतून बोटांत जातं, मधे डोकं लागत नाही.

"पुढे?" पूर्णिमा पेन धरून बसली होती.

"हे लिहायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"तूच म्हणालीस, फुलपाखरं पुरे, खरं असेल ते लिही."

"जगाला दाखवायला नाही म्हणाले."

"मग काढून टाक."

"नऊच होतील. घेणार नाहीत."

"नाही तर नाही," पूर्णिमा म्हणाली, आणि तिला ते खरंच चाललं असतं. नम्रताला तेच सहन होईना. ही शिबिराला मुकणार, आणि तक्रारसुद्धा करणार नाही.

"भांडण घरी करा," दत्तप्रसाद आतून म्हणाले. "तिथे जागा जास्त असते."

नम्रताने पडद्याकडे पाहिलं. "लिही," ती म्हणाली, आणि एकेका बोटाने शेवटपर्यंत गेली.

ती धूळ झटकते
आणि परत तिथेच लावते.
मी बघते ते तिला माहीत नाही.

दहावी उतरवून, सगळ्या पुन्हा टाइप करून दोघींनी सहाला पाच कमी असताना कागद मासिकाच्या कचेरीत दिले.

पूर्णिमाची निवड झाली. दिवाळी अंकात मासिकाने नेमकी नववीच छापली. वडील, हिंमतराव, पाळीवरून आल्यावर ती उभ्याने वाचून आत गेले. पुढच्या जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म आणून त्यांनी ओट्यावर ठेवला आणि संध्याकाळच्या पोळ्या स्वतः करायला घेतल्या. वर्षभर सगळ्यांनी त्या खाल्ल्या.

नम्रता बी.एस्सी. होऊन हिंजवडीच्या एका कंपनीत लागली. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर नव्यात आणायचं काम तिने तिथे अनेक वर्षं केलं. दुर्गाबाई २००९ साली गेल्या. त्यानंतर हिंमतराव बुलढाण्याला परतले. तिथे त्यांना सगळे पुणेकर म्हणत, आणि त्यांना ते आवडत नसे. दत्तप्रसादांनी दुकान मोबाइलवाल्याला दिलं आणि मुलाकडे कोथरूडला राहायला गेले.

पूर्णिमा लोणी काळभोरला कॉलेजात शिकवते. तिचे तीन संग्रह निघाले. तिसऱ्याच्या प्रकाशनाला ती स्वतः पाऊण तास उशिरा पोचली. तोवर नम्रता पाहुण्यांना दुसऱ्यांदा चहा देत होती, आणि विचारील त्याला सांगत होती की ही लहानपणापासून अशीच आहे.